रणदिवे साहेबांचा बूस्टर

रणदिवे साहेबांनी मला एकोणीस वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. ते मला ‘लॅब’ म्हणत. “अहो लॅब, जरा इकडे या.” परंदवडीजवळच्या आमच्या कारखान्यात गाड्यांसाठी रबराचे सुटे भाग बनत आणि तिथल्या प्रयोगशाळेत मी ते तपासायची, म्हणून मी लॅब. गोदाम सांभाळणारे ते ‘स्टोअर’, कँटीनच्या मावशी म्हणजे ‘चहा’, आणि साहेबांची गाडी चालवणारे किसन भाऊ ‘ड्रायव्हर’. सुरुवातीला मला वाटायचं, साहेबांच्या नावं लक्षात राहत नसतील. पण मुंबईहून येणाऱ्या मोठ्या साहेबांच्या मुलांची, सुनांची, एवढंच काय, त्यांच्या कुत्र्याचंही नाव रणदिव्यांच्या जिभेवर असे.

त्यांच्याबद्दल मी प्रेमानं लिहायला बसलेले नाही, हे आधीच सांगून टाकते. माणसं चांगुलपणामुळेच आठवतात असं थोडंच आहे?

साहेब दिसायला रुबाबदार होते, ते नाकारत नाही. उंच, ताठ, पांढराशुभ्र कोट, कोटाच्या खिशावर रेशमी धाग्यानं भरलेलं नाव. त्याच खिशाला तीन पेनं असत, पण सही करायची वेळ आली की हात पुढं करून म्हणत, “पेन द्या.” मी कित्येक वर्षं विचार करायची की ती तीन पेनं चालतात तरी का. यंत्रातून नुकताच निघालेला रबराचा तुकडा ते दोन बोटांत धरून नाकाशी नेत, डोळे मिटत आणि “हं” म्हणत. “रबर वासावरून कळतं, लॅब. तुमची ती यंत्रं नंतर.” एकदा त्यांना सणसणीत पडसं झालेलं होतं, नाक चोंदून लाल झालं होतं, तरी हुंगणं सुरूच. त्या दिवशीही रबर त्यांना कळलंच.

त्यांची दोन वाक्यं कारखान्यात सगळ्यांना पाठ होती. एखादं काम चांगलं झालं की, “मूळ कल्पना माझी.” बिघडलं की, “मी सांगितलंच होतं.” या दोन वाक्यांच्या मधे, म्हणजे जिथं प्रत्यक्ष काम चालतं तिथं, साहेब कधी सापडत नसत.

एकदा ब्रेकच्या बूस्टरमधे बसणाऱ्या रबरी पडद्यांचा एक मोठा लॉट माझ्याकडं आला. बूस्टर म्हणजे गाडीच्या इंजिनाजवळचा एक पत्र्याचा डबा. इंजिन त्यातली हवा ओढून घेतं, त्या ओढीनं आतला पडदा सरकतो आणि आपल्या पायाचा जोर कितीतरी वाढवून ब्रेकला पोचवतो. पडद्याला सुईच्या अग्राएवढं भोक असलं तरी खेळ संपला. त्या लॉटमधले पडदे मी पाण्यात बुडवून हवा सोडली तर बुडबुड्यांच्या माळा वर येत होत्या. मी ‘नापास’ लिहिलं. साहेब आले, एक पडदा हुंगला, माझंच पेन मागून घेतलं आणि माझ्या शेऱ्याखाली ‘सवलतीने पास’ असं लिहून सही ठोकली. माल गेला. महिनाभरात सगळाच्या सगळा परत आला. ज्यांचा माल होता ते लोक गाडी घेऊन थेट दारात. मी तो कागद घेऊन धावले, पण माझ्याआधी साहेब फाटकापाशी पोचले होते आणि पाहुण्यांना सांगत होते, “मी सांगितलंच होतं. लॅबनं लक्ष द्यायला हवं होतं.” नंतर परत आलेल्या मालातले खराब पडदे निवडून बाजूला काढले म्हणून वार्षिक कार्यक्रमात त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं. निवडायचं काम आम्ही सहाजणींनी केलं होतं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर तळहात धुतले.

निवृत्त झाल्यावर साहेब लोणावळ्याला तुंगार्लीच्या अंगाला असलेल्या आपल्या बंगल्यात राहायला गेले, आणि त्यांनी एक जुनी गाडी घेतली. विलायती बनावटीची, सत्तरच्या दशकातली, सायीच्या रंगाची, आत लाल बैठका. आता जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी लोकांचा एक गट असतो. मोबाइलवर त्यांच्या गप्पा चालतात, रविवारी गाड्या घेऊन ते एकत्र जमतात. साहेब त्यात शिरले. पांढरा कोट पुन्हा निघाला. गाडीच्या उघड्या बॉनेटपाशी हातात पाना घेऊन उभं राहायचं, किसन भाऊंनी फोटो काढायचा, पाना खाली ठेवायचा, अत्तराच्या ओल्या रुमालानं हात पुसायचे आणि आत जाऊन फोटो सगळ्यांना पाठवायचा. मलाही येत. दिवसाला दहा-बारा. फोटो, चित्रफिती, सुविचार. पहिले काही मी बघितले. मग ते बघायचं सोडून दिलं.

मीही निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. सोमाटण्यात आमचं घर. एके दुपारी साहेबांचा फोन आला.

“लॅब, तुमच्यासाठी एक सुवर्णसंधी आहे.”

त्यांच्या गाडीचं ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट झालं होतं. किसन भाऊंच्या भाषेत सांगायचं तर “नुस्ता पाय लावून भागत न्हाई, मांडीबी लावावी लागती.” बूस्टर गेला होता. परदेशातून गळती अडवणाऱ्या रबरी सीलचा संच मागवला, तो आला. पण पडदा आता कुणीच बनवत नव्हतं. तो मी बनवून घ्यावा, आणि बोलायला बंगल्यावर चहाला यावं.

नाही म्हणायला हवं होतं. पण एकोणीस वर्षं मी पडदे तपासले, आणि गाडीत बसलेला पडदा जन्मात बघितला नव्हता. आमचा माल खोक्यात भरून जायचा, पुढं त्याचं काय होतं ते माहीत नाही. ते बघायचा मोह मला झाला. आणि खरं सांगायचं तर साहेबांनी मला चहाला बोलावलं याचंही कुठंतरी बरं वाटलं. त्याची आज लाज वाटते.

बूस्टरचं काम होतं युसूफभाईंकडं. जुन्या हायवेवर सोमाटणे फाट्याच्या अलीकडं त्यांचं गॅरेज. वडील ट्रक दुरुस्त करायचे, हे सगळंच करतात. साठी ओलांडलेला, बारका, खाकी शर्टातला माणूस. त्यांचा मोबाइल बटणांचा. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं आणि जो भाग ज्या क्रमानं निघेल त्या क्रमानं मांडत जायचं, ही त्यांची पद्धत. मधेच कुणी भाग उचलून बघितला आणि चुकीच्या जागी ठेवला, तर न बोलता तो परत जागेवर सरकवत.

डबा खोलायच्या आधी त्यांनी खिळ्यानं दोन्ही अर्ध्या भागांवरून एक आडवी रेघ ओढली.

“ही कशाला?” मी विचारलं.

“जशी जोडी व्हती तशीच परत जमाया पायजे, बाई. न्हाईतर तोंड वाकडं करून बसतंय.” मग डब्याचा एक भाग शिकंज्यात आवळून, दुसऱ्याला लाकडी फळी बोल्टानं बांधली आणि ती हळूहळू फिरवू लागले. “आत स्प्रिंग हाय. जरा लांब व्हा.”

डबा सुटला. आतून तांबूस पाणी आलं, गंजाचा चुरा आला. पडदा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. “पापडावानी झालाय बगा.” खरंच, वाकवला तर कडाकडा तुटला. डब्याच्या शेपटीला एक बारीक सिलिंडर होता. त्यात ब्रेक ऑइल असतं आणि रबरी सील मागंपुढं सरकतात. त्याच्या आतल्या भिंतीला गंजानं खड्डे पाडले होते. युसूफभाईंनी बोट घालून चाचपलं, मान हलवली आणि ओळखीच्या लेथवाल्याकडून त्यात पितळी नळी बसवून आणली.

पडदा मी तळेगावच्या एका छोट्या कारखान्यात करवून घेतला. पहिला मीच नापास केला. कडेला जाडी कमी होती. दुसरा पाण्यात धरला, हवा सोडली आणि बराच वेळ बघत राहिले. एक बुडबुडा आला नाही.

सील बसवताना युसूफभाईंनी पाना, पेचकस सगळं दूर सारलं. हात साबणानं धुतले, बोटं ब्रेक ऑइलमधे बुडवली आणि एकेक सील नुसत्या बोटांनी आत सरकवलं. “रबराला लोखंड लावायचं न्हाई. आन ब्रेक ऑइलबिगर दुसरं कायबी लावायचं न्हाई.” मला हसू आलं. ब्रेकच्या त्या रबराला साधं ग्रीस किंवा इंजिनचं तेल लागलं की ते फुगतं, हे आम्ही कारखान्यात नव्या कामगाराला पहिल्याच आठवड्यात शिकवत होतो. ते शिकवणारा तक्ता भिंतीवर होता. त्या तक्त्याखाली रणदिवे साहेबांची सही होती.

डबा गाडीत चढवून झाल्यावर युसूफभाई मला म्हणाले, “बाई, तुमी बसा. पडदा तुमचा हाय.” मी चालकाच्या जागेवर बसले. इंजिन बंद. पेडल पाच-सहा वेळा दाबलं तसं ते घट्ट झालं. “आता पाय तसाच ठिवा, आन गाडी चालू करा.” मी किल्ली फिरवली. इंजिन धडधडलं आणि माझ्या पायाखाली पेडल आपसूक, अलगद, दोन बोटं खाली बसलं. कुणीतरी खालून हात धरावा तसं.

“बसलं का?”

“बसलं.”

“झालं मग,” युसूफभाई म्हणाले आणि वर्तमानपत्राची घडी घालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब आले. कोट घालून, किसन भाऊंसोबत. बूस्टर बघितला, हुंगला, “हं” म्हणाले.

“मिस्त्री, हे सगळं पुन्हा खोला. जोडणी माझ्या हातून होऊ द्या. चित्रीकरण करायचंय.”

“बसल्यालं सील उगाच काडत न्हाईत साहेब.”

“अहो, पाच मिनिटांचं काम.”

“पाच मिन्टाचं न्हाई, जिवाचं हाय.”

साहेबांचा चेहरा पडला. मग त्यांना दुसरी वाट सुचली. इतक्या देखण्या गाडीत हा गंजका डबा शोभत नाही. तो काढून द्या, लोणावळ्यात एक रंगारी आहे, त्याच्याकडून रंगवून घेतो. युसूफभाई म्हणाले, मी रंगवतो. साहेब म्हणाले, तुमच्याकडं तो रंग नाही. गाडी त्यांची, डबाही त्यांचा. युसूफभाईंनी डबा काढला, तोंडं चिंधीनं बांधली आणि किसन भाऊंच्या हातात दिला. “किसन, वरून रंग. आत कुटं हात लावू नगा.”

गाडी ट्रकवर चढवून लोणावळ्याला नेली होती; आठवड्यानं युसूफभाई तिकडं जाऊन डबा बसवून आले. त्यांनी साहेबांना विचारलं होतं, “खोललं न्हाई ना?” साहेब म्हणाले, “छे! फक्त रंग.” शेजारी किसन भाऊ उभे होते. पेडल तेव्हाही दोन बोटं बसलं. कुणाला काय कळणार?

पुढच्या रविवारी त्या हौशी मंडळींनी लोणावळ्याहून घाट उतरून खोपोलीपर्यंत गाड्यांची फेरी काढली. तिकडं जेवण, मग परत. मला निमंत्रण होतं. युसूफभाईंना नव्हतं. गाडीच्या पुढच्या काचेवर पाटी होती: ‘संपूर्ण पुनर्बांधणी: जयंत रणदिवे’. मी ती वाचली, मनातल्या मनात जे म्हणायचं ते म्हटलं आणि तरीही मागच्या लाल बैठकीवर जाऊन बसले. शेजारी साहेबांच्या पत्नी मालतीबाई. सत्तरीच्या, अबोल. त्या घरात मला सुनीता म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

बाजारातून गाडी साहेबांनी चालवली. दोन्ही बाजूंना लोक उभे, फोन वर धरलेले. साहेब एका हातानं चाक धरून दुसऱ्यानं अभिवादन करत होते. खंडाळा मागं पडला, बघे संपले, तशी त्यांनी गाडी बाजूला घेतली. “ड्रायव्हर, आता तुम्ही या.” जिथं माणसं तिथं साहेब, जिथं उतार तिथं किसन भाऊ. साहेब डावीकडं जाऊन बसले.

दुसऱ्या वळणावर मला जळका वास आला. किसन भाऊंनाही आला असणार.

“साहेब, गाडी धरतीय. बिरेक चिकाटलाय कुटंतरी. घिऊ का बाजूला?”

“पुढे चला. आपला तिसरा नंबर आहे.”

“चाकातनं वास येतोय साहेब.”

“जुन्या गाड्यांना वास येतोच. थांबायचं नाही, मागचे सगळे बघतायत.”

आणखी दोन वळणं. मग किसन भाऊंची पाठ एकदम ताठ झाली. त्यांचा गुडघा खाली गेला, वर आला, खाली गेला. पेडल जमिनीला टेकत होतं. चिकटलेल्या ब्रेकनं चाकं तापली, तापलेल्या चाकांनी आतलं ऑइल उकळलं, आणि आता पायाखाली काहीच उरलं नव्हतं. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख कळलं, काय उपयोग?

“बिरेक गेला,” किसन भाऊ म्हणाले. ओरडले नाहीत. हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. दुसरा गिअर, पहिला गिअर; इंजिन किंचाळायला लागलं. हँडब्रेक ते थोडा ओढत, सोडत, थोडा ओढत. पुढची गाडी मोठी होत चालली होती. तिच्या मागच्या काचेतून एक लहान मुलगी आमच्याकडं बघून हात हलवत होती. डाव्या अंगाला, डोंगराच्या पायाशी, रस्त्याच्या कामासाठी मुरमाचा ढीग टाकलेला दिसला. किसन भाऊंनी गाडी तिकडं वळवायला घेतली. वेग आता माणूस पळेल इतका झाला होता.

आणि साहेबांनी दार उघडून उडी मारली.

 मागं वळून बघितलं नाही. पांढरा कोट एकदा फडफडला आणि खिडकीतून दिसेनासा झाला. मालतीबाईंनी माझा हात धरला होता. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “गेले का ते?”

गाडी ढिगात घुसली. उघडं राहिलेलं दार ढिगावर आपटून उलटं वाकलं, काच फुटली, मुरूम आत आला, आणि आम्ही थांबलो. माझं कपाळ पुढच्या बैठकीवर आपटलं होतं, बाकी काही नाही. मालतीबाई जागच्या हलल्या नव्हत्या. किसन भाऊंचे हात चाकावरून सुटत नव्हते; बोटं मीच एकेक करून सोडवली.

मागच्या गाड्या थांबल्या, माणसं जमली. साहेब लंगडत लंगडत आले. पाय मुरगळला होता, कोटाला माती लागली होती. मला वाटलं, बायकोकडं धावतील. ते जमलेल्या माणसांकडं वळले आणि म्हणाले, “मी सांगितलंच होतं. असलं काम मिस्त्रीच्या हाती द्यायचंच नसतं.”

मालतीबाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. साहेबांनी हात पुढं केला. त्यांनी ती किसन भाऊंना दिली.

दोन दिवसांत त्या सगळ्या मंडळींत बोभाटा झाला की सोमाटण्याच्या मिस्त्रीनं ब्रेकचं काम बिघडवलं, माणसं मरता मरता वाचली. युसूफभाईंकडं यायच्या दोन गाड्या परस्पर दुसरीकडं गेल्या. एक मालक आपली गाडी अर्ध्या कामावरून ओढून घेऊन गेला. ते भांडले नाहीत. माझ्या घरी आले, चप्पल काढून दारातच उभे राहिले.

“बाई, माजं काय चुकलं त्ये मला बगायचंय. त्यो डबा मला मिळंल का? चाळीस वर्सं बिरेकचं काम करतोय. पोरीबाळी बसत्यात गाडीत. माजं चुकलं असंल तर मला ह्ये काम सोडाया पायजे.”

त्यांना खरंच वाटत होतं की चूक त्यांची असेल. साहेबांना आयुष्यात जे एकदाही वाटलं नाही, ते या माणसाला वाटत होतं.

मी मालतीबाईंना फोन केला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः गॅरेजवर आल्या, किसन भाऊ डबा पोत्यात घालून सोबत. साहेबांना सांगून आल्या की न सांगता, ते मी विचारलं नाही. युसूफभाईंनी वर्तमानपत्र पसरलं. डबा खोलला. माझा पडदा धड होता. शेपटीचा सिलिंडर उघडला तर आतून काळपट, चिकट ग्रीस बाहेर आलं. सील भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगून नळीत अडकली होती; एक ओढून काढताना फाटलं.

युसूफभाईंनी ग्रीस बोटावर घेऊन चोळलं. “ह्ये चाकाच्या बेरिंगचं ग्रीस हाय. माज्याकडचं न्हाई ह्ये.”

 मग किसन भाऊ खाली बघून म्हणाले, “साहेबांनी खोललं व्हतं, युसूफभाई. बंगल्यावर, टेबलावर. म्याच फोन धरला व्हता समोर. ग्रीस लावत्यात म्हंजी काय व्हतंय त्ये मला ठावं नव्हतं. पर तुमी इचारलं तवा मी बोलाया पायजे व्हतं.”

“त्यांनी ती फीत सगळ्यांना पाठवली होती,” मालतीबाई म्हणाल्या. “सुनीता, तुलाही आली असेल.”

मी फोन काढला. आली होती. फेरीच्या आठ दिवस आधी. शेकडो न उघडलेल्या गोष्टींच्या गठ्ठ्यात ती पडून होती. मी दाबली. साहेब टेबलामागं उभे, कोट पांढराशुभ्र, हातात ते बारकं सील, आणि बोटभर ग्रीस घेऊन ते त्याला लोणी लावावं तसं माखत होते. “रबराला वंगण लागतंच,” साहेब फोनकडं बघून सांगत होते. “हे पुस्तकात नसतं. हे अनुभवानं कळतं.”

मी ती उघडली असती तर पहिल्या दहा सेकंदांत मला कळलं असतं. त्या टेबलापर्यंत पळत गेले असते मी. पण माणूस इतका फालतू की त्याचं काही बघायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. घाटात त्या मुलीनं हात हलवला तेव्हा ती फीत माझ्या मांडीवरच्या पर्समधे होती. साहेबांचा तिरस्कार मी आजही करते, त्यात काडीचा फरक नाही. पण त्या तिरस्काराच्या भरात मीही आपलं काम केलं नाही, हेही तितकंच खरं. मी हे युसूफभाईंना तिथंच सांगितलं. ते म्हणाले, “जाऊ द्या बाई. माणसं वाचली.” त्यांचा चेहरा मात्र किती दिवसांनी उजळला होता.

मी दोन पानी अहवाल लिहिला; काय सापडलं, का फुगलं, कुणाच्या हातून. खाली पूर्ण नाव लिहून सही केली आणि ती फीत जोडून त्या मंडळींना पाठवला. दोघं जण गॅरेजवर येऊन युसूफभाईंची माफी मागून गेले. बाकीचे नुसतेच गप्प झाले. ज्यानं अर्ध्या कामावरून गाडी नेली होती तो महिन्याभरानं ती परत घेऊन आला, जणू पंक्चर काढायला नेली होती. साहेबांचंही उत्तर आलं. ते गटावर सगळ्यांनी वाचलं: ‘मूळ दोष पडद्याच्या रबरात होता. लॅबनं लक्ष द्यायला हवं होतं.’

गाडी त्यांनी विकली. ज्यानं घेतली त्यानं ती पहिल्यांदा सोमाटण्यात युसूफभाईंकडंच आणली. किसन भाऊंनी नोकरी सोडली. आता ते शाळेची गाडी चालवतात. मालतीबाई महिना-दोन महिन्यांनी बेगडेवाडीला लोकलनं येतात, मी त्यांना स्टेशनवर घ्यायला जाते. साहेबांचा विषय त्या काढत नाहीत, मीही काढत नाही.

मागच्या वर्षी लोणावळ्याला एका लग्नाला गेले होते. परत येताना एसटी स्टँडवर साहेब दिसले. मी खांबाआड झाले. पांढरा सदरा, तसेच ताठ, हातात कापडी पिशवी. केस विरळ झाले होते. पुण्याकडं जाणारी गाडी लागली तशी माणसं दाराशी लोटली, आणि साहेब पुढं झाले. एक हात आडवा धरून त्यांनी गर्दी थोपवली. “एकेक जण. बायका आधी. ए, पोतं टपावर. आजी, सावकाश, दांडा धरा.” माणसांनाही वाटलं, असतील कुणी तरी महामंडळाचे, ऐकायला लागली. साहेबांनी एकेकाला आत घातलं, शेवटच्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून ढकललं, दाराची खिट्टी लावून बघितली आणि पत्र्यावर दोनदा थाप मारली. “चला, जाऊ द्या!”

कंडक्टरनं आतून घंटी दिली. गाडी सुटली.

ती फाटकाबाहेर वळल्यावर साहेबांनी हातातल्या पिशवीकडं बघितलं. पिशवीतून औषधांची पाकिटं आणि दवाखान्याचा लांबट पिवळा कागद बाहेर डोकावत होता. थाप मारलेला हात तसाच अर्धवट वर राहिला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला, इकडंतिकडं कुणी बघितलं नाही ना ते बघितलं, आणि पुण्याकडची पुढची गाडी किती वाजता आहे ते वाचायला फलकाकडं चालू लागले.